रॉक ऐका, शेजारी बायबल उघडं ठेवून

'द बर्ड्‌स'चं 'टर्न! टर्न! टर्न!' 1965 मध्ये अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेलं. पीट सीगरने त्याचे जवळजवळ सगळे शब्द बायबलमधल्या उपदेशक ग्रंथाच्या तिसऱ्या अध्यायातून घेतलेत! यू-टूच्या 'वॉर' (1983) अल्बममधलं शेवटचं गाणं '40', म्हणजे स्तोत्रसंहितेतलं 40वं स्तोत्र. कितीतरी मैफलींत बँडमधले एकेक जण मंचावरून निघून जातात, तरी लोक गातच राहतात. माझ्या मते हे भजनच आहे. जॉर्ज हॅरिसनच्या 'माय स्वीट लॉर्ड'मध्ये तर हालेलूयासोबत कृष्णाचं नावही येतं.

आम्हा पन्हाळकरांना हे परकं वाटायचं कारण नाही. इथेच 1729 मध्ये जन्मलेल्या मोरोपंतांनी अख्खं महाभारत आर्येत बांधलं. आणि 1895 मध्ये बाप्तिस्मा घेतलेल्या रेव्हरंड ना. वा. टिळकांनी ख्रिस्तभक्ती अभंगांत आणि कीर्तनात आणली, लोकांच्या ओठी आधीच असलेल्या चालीत. रॉकवाल्यांनीही तेच केलं, फक्त गिटार घेऊन.

सुरुवात '40'पासूनच करा. आधी मराठी बायबलमधलं ते स्तोत्र सावकाश वाचा, मग गाणं लावा. पुढे बॉब डिलनचा 1979चा 'स्लो ट्रेन कमिंग' ऐका. त्यात ख्रिस्तश्रद्धा शोधावी लागत नाही, ती उघडच आहे. तुम्हाला अशी आणखी गाणी सापडली असतील तर खाली नक्की लिहा.