जुन्या नौकेच्या पोटातले लाकूड

मोटारनौका म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे बंदरातली लाँच उभी राहते. माणसे कोंबून भरलेली, धूर सोडीत पैलतीराला जाणारी. आज ज्या नौकेविषयी तुमच्याशी बोलायचे आहे ती निराळ्या जातीची. तिला यॉट म्हणतात. मासळी धरायची नाही, माल वाहायचा नाही, केवळ हौसेने पाण्यावर हिंडायचे, एवढ्यासाठी धनिकांनी बांधून घेतलेले ते तरंगते घर. घर म्हटले ते उगाच नव्हे. आत बैठकीची खोली असते, जेवणघर असते, निजायच्या खोल्या असतात, आणि या सगळ्यांना आतून लाकडाचे अस्तर असते. इंजिनावर चालणाऱ्या अशा यॉट गेल्या शतकाच्या पहिल्या तीस-चाळीस वर्षांत अमेरिकेत आणि इंग्लंडात पुष्कळ बांधल्या गेल्या. त्यांतल्या ज्या तगल्या त्या आता शंभरीच्या घरात आल्या आहेत. त्यांच्या पोटातले लाकूडकाम पुन्हा नीट करणे ही सुतारीतली एक स्वतंत्र विद्याच होऊन बसली आहे.

तुम्ही म्हणाल, धनिकांच्या नौकांशी आपले काय नाते? नाते आहे, आणि ते आपल्याच रानातून गेलेले आहे. या नौकांत जिथे ऊन-पाऊस थेट लागतो तिथे सागवान वापरीत, आणि ते बहुधा ब्रह्मदेशातून जाई. सागाची ही कीर्ती जुनी आहे. मुंबईच्या गोदीत वाडिया घराण्याच्या कारागिरांनी मलबारी सागाची ‘ट्रिंकोमाली’ नावाची लढाऊ नौका बांधली, ती 1817 साली पाण्यात उतरली. इंग्लंडमधल्या हार्टलपूल बंदरात ती आजही तरंगते आहे. दुसरा धागा लाखेचा. खोलीतल्या लाकडावर जे आरशासारखे फ्रेंच पॉलिश करतात त्याचे नाव फ्रेंच खरे, पण त्यातला मुख्य जिन्नस म्हणजे चपडा लाख. पळस, कुसुम, बोर या झाडांवरचा एक बारीकसा किडा ती तयार करतो. झारखंड-छत्तीसगडकडे आणि आपल्या गोंदिया-गडचिरोलीच्या बाजूलाही लोक ती गोळा करतात. तेव्हा साता समुद्रापलीकडच्या त्या दिवाणखान्यात आपला थोडासा वाटा आहेच.

आता एक खरी नौका घेऊ. तिचे नाव ‘सिक्वोया’. जॉन ट्रम्पी या नामांकित नौका-रचनाकाराने तिचा आराखडा केला आणि 1925 साली न्यू जर्सीतल्या कॅम्डेन येथे ती बांधून झाली. लांबी 104 फूट. एस्टीच्या तीन गाड्या एकीमागे एक उभ्या केल्या तर जेवढी होईल साधारण तेवढी. सिक्वोया हे एका प्रचंड अमेरिकन वृक्षाचे नाव, पण ही नौका काही त्या लाकडाची नाही. तिच्या फासळ्या ओकच्या आणि त्यांवरच्या फळ्या राळेने भरलेल्या पिवळ्या पाइनच्या. 1931 साली ती अमेरिकन सरकारने घेतली आणि 1933 पासून ती राष्ट्राध्यक्षांची नौका झाली. पुढे 1977 साली अध्यक्ष कार्टर यांनी हा खर्च नको म्हणून ती लिलावात काढली. त्यानंतर तिचे मालक बदलत गेले. शेवटी मालकीचा वाद कोर्टात गेला, आणि वाद चालू असताना नौका पाण्याबाहेर एका गोदीत पडून राहिली. 2016 च्या निकालात न्यायाधीशांनी तिची दैना वर्णन केली आहे. तिच्यात रॅकून, म्हणजे आपल्या उदमांजरासारखे प्राणी, बिऱ्हाड करून होते! 2019 साली तिला मेन राज्यातल्या बेलफास्ट गावी दुरुस्तीसाठी नेण्यात आले.

ज्या नौकेवर अध्यक्षांनी परदेशी पाहुण्यांना जेवणे दिली ती अशी का कुजावी? पाण्यात राहून कुजली म्हणावे, तर ती पाण्याबाहेर होती. इथेच या विषयाचे मर्म आहे.

लाकूड कुजते ते बुरशीमुळे. बुरशीला तीन गोष्टी लागतात: ओल, हवा आणि थोडी ऊब. लाकडातला ओलावा त्याच्या कोरड्या वजनाच्या शेकडा 20 च्या आत राहिला तर बुरशी वाढत नाही. सतत बुडालेल्या फळीला हवा मिळत नाही, शिवाय खारे पाणी बुरशीला मानवत नाही. जुने जहाजबांधणारे तर फासळ्यांच्या मधल्या पोकळीत मुद्दाम खडे मीठ भरून ठेवीत. म्हणजे समुद्राचे पाणी नौकेच्या अंतरंगाचा मोठा शत्रू नव्हे. शत्रू आहे तो वरून येणारा गोड्या पाण्याचा थेंब. डेकच्या फळ्यांमधली एखादी सांध उघडते, खिडकीच्या खालच्या चौकटीत भेग पडते, आणि पावसाचे पाणी अस्तराच्या मागून गुपचूप खाली उतरते. लाकडाच्या आडव्या अंगातून पाणी सावकाश शिरते, पण कापलेल्या टोकाला नळ्यांची तोंडे उघडी असतात. तिथून ते घटाघटा प्यायले जाते. म्हणून कूज नेहमी सांध्यांत आणि कोपऱ्यांत सुरू होते, आणि दर्शनी फळी मात्र शेवटपर्यंत चकचकीत दिसत राहते.

यावरून पहिला नियम निघतो: गळती सापडेपर्यंत पॉलिशच्या बाटलीचे बूच काढायचे नाही. हा नियम कोणाला पटत नाही असे नाही, पण पाळवत नाही. मालकाला चकाकी हवी असते आणि गळती शोधण्यात चकाकी नसते. गावातल्या जुन्या वाड्यांचेही असेच होते; कौले न चाळता तुळईला रंग दिला जातो.

दुसरी गोष्ट लाकडाच्या स्वभावाची. शिक्षकांनी हा प्रयोग वर्गात अवश्य करावा. सुताराकडून एक पातळ, रुंद फळी आणा. तिच्यावर पेन्सिलीने दोन मापे आखा, एक रेषांच्या दिशेने आणि दुसरे रेषांना आडवे, दोन्ही बरोबर 10 सेंटिमीटर. फळी दोन दिवस पाण्यात बुडवून ठेवा आणि पुन्हा मोजा. लांबीचे माप जवळजवळ तसेच असेल, आडवे माप मात्र वाढलेले दिसेल. लाकूड रुंदीत फुगते आणि आकसते, लांबीत जवळपास नाही. म्हणून जाणता कारागीर रुंद फळी चारही बाजूंनी जखडत नाही. तो चौकट करतो, चौकटीला आतून खाच पाडतो आणि फळी त्या खाचेत सैल सोडतो. ओलसर हवेत ती आतल्या आत फुगते, कोरड्या हवेत आकसते, आणि चौकट मात्र हलत नाही. आपल्या जुन्या दारांत हीच युक्ती आहे. पुढे एखादा घाईचा माणूस येतो, खुळखुळणारी फळी पाहतो आणि खाचेत सरस ओतून ती घट्ट करतो. वर्षभरात ती फळी मधोमध तडकते.

बरे, प्रत्यक्ष काम कसे चालते? आधी नुसते पाहणे आणि ठोकणे. लाकडी हातोडीने फळीवर हलके मारीत जायचे. निरोगी लाकूड ठणठण बोलते, कुजलेले भद्द आवाज देते. संशयाच्या जागी आरीचे टोक दाबून पाहायचे. ओलावा मोजायचे छोटे यंत्र मिळते, तेही लावतात, पण कान आणि हात यांचे काम संपत नाही. मग फोटो काढायचे, नकाशा करायचा, आणि प्रत्येक तुकड्याच्या पाठीवर पेन्सिलीने क्रमांक घालायचा. हे क्रमांक का हवेत? घराच्या खोलीत चार भिंती काटकोनात असतात. नौकेच्या पोटात काटकोन नावाची वस्तू नाही. बाजू आत वळलेली, छत कमानदार, जमीन टोकाकडे चढत गेलेली. डाव्या अंगाचा तुकडा उजवीकडे बसत नाही, शेजारच्या जागीही बसत नाही. नवा तुकडा करायचा तर कागदाचा किंवा पातळ फळीचा फर्मा जागेवर धरून, कंपासाने त्या वळणाची रेघ त्यावर उतरवून घ्यावी लागते.

अस्तराच्या फळ्या स्क्रूने बसवलेल्या असतात, पण स्क्रू दिसत नाहीत. त्यांच्या डोक्यावर त्याच लाकडाची छोटी गोल बुचे ठोकलेली असतात आणि बुचाच्या रेषा फळीच्या रेषांशी जुळवलेल्या असतात. ती बुचे हळूच काढून स्क्रू मोकळे करायचे. स्क्रू पितळेचे असले तर ठीक. कोणी मध्येच लोखंडी घातले असतील तर ते गंजून फुगलेले असतात आणि भोवती ओकचे लाकूड शाईसारखे काळे झालेले असते. ओकमध्ये टॅनिन असते. लोखंड, पाणी आणि टॅनिन एकत्र आले की शाईच तयार होते. पूर्वी बोरूची शाई हिरडा आणि हिराकस घालून करीत, त्यातलाच हा प्रकार. हे डाग ऑक्झॅलिक आम्लाच्या पाण्याने उतरतात, मात्र ते विषारी आहे. हातमोजे घालून वापरायचे आणि नंतर लाकूड भरपूर धुवायचे. जुन्या रंगात शिसे असण्याचाही फार संभव असतो, म्हणून तो कोरडा घासून त्याची धूळ उडवायची नाही.

आता खरा प्रश्न: काय ठेवायचे आणि काय टाकायचे? सोपा मार्ग असा की सगळे उपटून नवे करावे. नवे देखणे होईल, पण मग जुनी नौका कुठे राहिली? शिवाय त्या काळचे महोगनी आता सहज मिळत नाही. मध्य आणि दक्षिण अमेरिकेतल्या खऱ्या महोगनीच्या व्यापारावर 2003 पासून आंतरराष्ट्रीय निर्बंध आहेत. आपल्याकडे बांधावर लावा म्हणून ज्या महोगनीच्या जाहिराती दिसतात त्यांत पुष्कळदा वेगळेच आफ्रिकी झाड असते. तेव्हा चांगला कारागीर कुजलेला भाग तेवढाच कापतो. तो कापतानाही आडवा सरळ छेद घेत नाही. फळीच्या टोकाला जोड द्यायचा तर एक इंच जाडीला आठ ते बारा इंच लांबीचा उतार देऊन दोन तुकडे एकमेकांवर चढवतो. सरसाला धरायला भरपूर जागा मिळते आणि जोड डोळ्यांना चटकन सापडत नाही. मधोमध ठिगळ लावायचे तर ते शंकरपाळ्याच्या आकाराचे करतो, म्हणजे रेषांना आडवी अशी एकही कड राहत नाही.

नवे लाकूड रंगाने वेगळे दिसते. महोगनी उजेडाने आधी गडद होते, आणि वर्षानुवर्षे कडक ऊन लागले तर फिकट पडते. मूळ रंग कोणता हे पाहायचे तर भिंतीवरच्या तसबिरीमागे किंवा कपाटाच्या पाठीशी पाहावे. पॉलिश कोणते आहे हेही विचारायला नको. कापसाच्या बोळ्यावर स्पिरिट घेऊन कोपऱ्यात लावले आणि तिथे चिकट झाले तर ती लाख. लाखेचे पॉलिश जुन्यावर नवे सहज मिसळून जाते, सगळे खरवडावे लागत नाही. तिचा दोष एवढाच की पाणी साचले तर ती पांढरी पडते. म्हणून बैठकीत लाख आणि मोरीजवळ व्हार्निश, ही जुनी वाटणी योग्यच होती.

सिक्वोयासारख्या नौकेत आणखी एक पेच असतो. अध्यक्ष रूझवेल्ट यांना पोलिओमुळे चालता येत नसे, म्हणून त्यांच्यासाठी आत एक लिफ्ट बसवली होती. पुढे अध्यक्ष जॉन्सन यांनी ती काढून त्या जागी मद्याचे कपाट केले, असे सांगतात. गंमत अशी की दारूबंदीच्या काळात हीच नौका चोरटी दारू आणणाऱ्यांना पकडण्याच्या कामी लावली होती. मग दुरुस्ती कोणत्या सालाची करायची? 1925 ची केली तर लिफ्टही गेली आणि कपाटही गेले, राष्ट्राध्यक्षांची नौका पुन्हा एका धनिकाची झाली. लिफ्ट परत आणली तर जॉन्सनांचे कपाट मोडावे लागेल. यावर दोन मते आहेत. माझे म्हणाल तर जे खरोखरीचे शिल्लक आहे ते राहू द्यावे, मग ते कोणाच्याही कारकिर्दीतले असो, आणि जे गेले ते अंदाजाने नवे घडवून जुने म्हणून दाखवू नये. अस्सल नकाशा हाती असेल तर गोष्ट वेगळी.

शेवटी सगळे पुन्हा जोडताना एक चूक हमखास होते. जुन्या नौकांत कपाटांच्या दारांना झडपांसारख्या फटी असतात, छताजवळ नक्षीची भोके असतात, अस्तर आणि फासळ्या यांच्यामध्ये वीतभर पोकळी मोकळी असते. नव्या माणसाला ती केवळ शोभा वाटते किंवा कसर राहिली असे वाटते, आणि तो ती बुजवतो. खरे तर ते नौकेचे श्वास घ्यायचे मार्ग आहेत. खालची दमट हवा त्यांतून वर निघून जाते. नौका नांगरून ठेवताना कपाटांची दारे आणि खणही उघडेच ठेवतात. आणि स्क्रूंच्या डोक्यावर पुन्हा बुचे बसवताना ती पक्क्या सरसाने चिकटवायची नाहीत. लाखेत किंवा व्हार्निशमध्ये बुडवून बसवायची, म्हणजे तीस-चाळीस वर्षांनी कोणाला अस्तर उघडावे लागले तर पटाशीच्या एका टोच्याने ती अलगद निघतात.