बैल कुणाचा, गाडा कुणाचा

जुन्नर तालुक्यातलं बेल्हे हे सोमवारच्या बाजारासाठी आणि त्यातही बैलबाजारासाठी ओळखलं जातं. नांगरटीचं काम ट्रॅक्टरने उचलल्यापासून शेतीसाठी बैलजोडी घेणारं गिऱ्हाईक कमी झालं. तरीही एखादं उमदं खिल्लार खोंड दावणीला दिसलं की भोवती माणसं जमतात. आधी दात बघितले जातात. आदत आहे, दुसा झाला की चौसा, यावरून वय ठरतं. मग पाय, खूर, छाती, शेपटीचा गोंडा. रुमालाखाली हाताची बोटं धरून भाव ठरवायची जुनी रीत आहे, पण चर्चा मात्र उघड्यावर चालते. हा पळेल का, कुणाच्या गाड्याला लागेल, कुणाच्या बैलाशी जमेल? विकत घ्यायचं नसलेली माणसंही या वादात हिरिरीने भाग घेतात.

जुन्नर, आंबेगाव, खेड, मावळ, शिरूर या पट्ट्यात शर्यत म्हणजे घाट. चढाची धावपट्टी, चार बैल जुंपलेला हलका गाडा आणि पुढे धावणारी घोडी. गाड्यावर हाकणारा बसत नाही. जुपी झाली की धरणारी माणसं सोडून देतात आणि बैल स्वतःच्या जोरावर घाट चढतात. प्रत्येक गाड्याची बारी वेगळी, शर्यत खरी घड्याळाशी. अकरा-बारा सेकंदांत सगळं आटोपतं. भंडारा उधळला जातो, ‘भिर्रर्र’ असा पुकारा होतो, निशाण पडतं आणि लाउडस्पीकरवरून सेकंद सांगितले जातात. ठरलेल्या वेळेत येणारे सगळे गाडे पहिल्या क्रमांकात धरून बक्षीस त्यांच्यात वाटायची पद्धत आहे. सर्वांत कमी वेळ लावणारा तो घाटाचा राजा. आंबेगावातल्या नागापूरजवळच्या थापलिंगाच्या खंडोबाला पौष पौर्णिमेची यात्रा भरते, तेव्हा नवसाचे गाडेही पळतात. देव आणि शर्यत इथे वेगळे काढता येत नाहीत.

या खेळातली निष्ठा मात्र बाहेरच्या माणसाला चटकन उमगत नाही. क्रिकेटमध्ये संघ असतो, इथे गाडामालक असतो आणि त्याच्यामागे त्याचं गाव. बारी बसली की गाव मिरवतं. पण त्या गाड्याचे चारही बैल एकाच गोठ्यातले असतील असं नाही. दोन मालक आपापले बैल एकत्र आणून जुगलबंदी करतात. सातारा-सांगलीकडच्या सपाट मैदानातल्या शर्यतीत गाड्याला दोनच बैल, म्हणून तिथे पैऱ्याचा, म्हणजे जोडीला घ्यायचा बैल कोणता हा प्रश्न आणखी मोठा होतो. आज एकत्र धावलेले दोन बैल पुढच्या मैदानात एकमेकांविरुद्ध उभे राहू शकतात. मग गावाने बाजू कुणाची घ्यायची, बैलाची की मालकाची? आणि नावाजलेला बैल विकला गेला तर? काहीजण मालकाला धरून राहतात, काहीजण बैलामागे नव्या गावापर्यंत जातात.

२०२३ मध्ये सांगली जिल्ह्यात विट्याजवळ भाळवणीला पैलवान चंद्रहार पाटील यांनी ‘रुस्तुम-ए-हिंद’ मैदान भरवलं. पहिलं बक्षीस थार गाडी. ती जिंकली महिब्या आणि बकासूर या जोडीने, आणि हे दोन बैल दोन वेगळ्या गोठ्यांतले. रोख रक्कम निम्मी करता येते, गाडी कशी करणार? त्याआधी २०२२ मध्ये पिंपरी-चिंचवडच्या चिखलीत आमदार महेश लांडगे यांच्या पुढाकाराने झालेल्या शर्यतीत पहिलं बक्षीस जेसीबी होतं. बक्षिसं एवढी वाढली, तरी मालकामालकांतले करार बहुतेक ठिकाणी आजही शब्दावरच चालतात. शब्द पाळणारी माणसं या खेळात खूप आहेत. पण लाखोंच्या वस्तूसाठी दोन ओळींचा कागद करायला काय हरकत आहे?

कागद झाला म्हणून निष्ठेचं कोडं सुटत नाही, हे मात्र खरं. ते पाहायचं तर पुण्यातल्याच कबड्डीकडे यावं. प्रो कबड्डी लीग २०१४ मध्ये सुरू झाली तेव्हा लिलावातला सर्वांत महागडा खेळाडू राकेश कुमार होता. पाटणा पायरेट्सने त्याला १२ लाख ८० हजारांना घेतलं. पाच वर्षांनी, २०१९ मध्ये, कोल्हापूर जिल्ह्याच्या चंदगड तालुक्यातल्या सिद्धार्थ देसाईसाठी तेलुगू टायटन्सने १ कोटी ४५ लाख मोजले. २०२३ मध्ये पुणेरी पलटणने इराणच्या मोहम्मदरेझा शादलूला २ कोटी ३५ लाखांना घेतलं. १ मार्च २०२४ रोजी हैदराबादमध्ये अस्लम इनामदारच्या नेतृत्वाखाली पलटणने हरियाणा स्टीलर्सला २८-२५ असं हरवून पहिलंवहिलं विजेतेपद मिळवलं. पुढच्या लिलावात शादलू गेला हरियाणाकडे, २ कोटी ७ लाखांना. आणि त्या हंगामाची अंतिम लढत झाली पुण्यात, बालेवाडीला. २९ डिसेंबर २०२४ रोजी हरियाणाने पाटण्याला हरवून करंडक उचलला. ज्याच्यासाठी पुणेकरांनी वर्षभर घसा फोडला, तो पुण्यातच दुसऱ्याच्या जर्सीत जिंकला.

यात खेळाडूची चूक नाही. कबड्डीपटूची कारकीर्द थोडी, गुडघे आणि खांदे कधी दगा देतील सांगता येत नाही. चांगला भाव मिळतो तेव्हा तो घेणं हा त्याचा हक्कच आहे. चाहत्यालाही हळहळायचा तितकाच हक्क आहे.

आणि शर्यतीवर लागणाऱ्या पैजेचं काय? घाटाच्या कडेला ‘लाव किती लावतोस’ अशी भाषा कानावर येते. पण हा मामला साधा नाही. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम ३० नुसार पैजेचा करार निरर्थक आहे. जिंकणाऱ्याला हरणाऱ्याकडून कोर्टामार्फत पैसे वसूल करता येत नाहीत. त्या कलमात सूट आहे ती फक्त घोड्यांच्या शर्यतीच्या ५०० रुपये किंवा त्याहून मोठ्या बक्षिसासाठी दिलेल्या वर्गणीला. मुंबई इलाख्यात तर १८६५ च्या कायद्याने पैजेला जोडून केलेले व्यवहारही बाद ठरवले. जुगार रोखायला १८८७ चा मुंबई कायदा आहे. पुण्याच्या रेसकोर्सवर घोड्यांवर पैसे लागतात ते १९१२ च्या परवाना कायद्याखाली. बैलांना असा परवाना नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवरही बंदी आणली. एवढे कायदे असूनही पैज लागते, आणि घाटावर ती सर्वांत महाग पडते बैलाला. पैसे अडकले की त्याला विश्रांती देण्याचा विचार मागे पडतो आणि हात काठीकडे जातो.

याच भीतीपोटी हा खेळ बंद पडला होता. जुलै २०११ मध्ये केंद्राने प्रदर्शनासाठी वापरायला मनाई असलेल्या प्राण्यांच्या यादीत बैल घातला. ७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने जल्लिकट्टूसोबत बैलगाडा शर्यतींवरही बंदी घातली. राज्याने २०१७ मध्ये कायदा केला, पण मुंबई उच्च न्यायालयाने शर्यतींना परवानगी देण्यास मनाई केली. १६ डिसेंबर २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सशर्त मुभा दिली. त्यानंतर आंबेगावातल्या लांडेवाडीत माजी खासदार शिवाजीराव आढळराव पाटील यांनी १ जानेवारी २०२२ ला शर्यत जाहीर केली, आणि करोनामुळे ऐनवेळी ती परवानगी रद्द झाली. घाटाकडे निघालेल्या शौकिनांचा तो हिरमोड या भागात अजून आठवला जातो. अखेर १८ मे २०२३ रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने महाराष्ट्राचा कायदा वैध ठरवला.

परवानगी अटींसह आहे. जिल्हाधिकाऱ्यांची मंजुरी हवी, पशुवैद्याची तपासणी हवी, चाबूक-काठी आणि विजेचा झटका चालणार नाही. क्रूरतेला पाच लाखांपर्यंत दंड किंवा तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. कबड्डीपटू आपला करार वाचून सही करतो, बैलाला ते शक्य नाही. त्याच्या बाजूने बोलणारं असं या अटींशिवाय दुसरं काही नाही. आता शर्यती मोबाइलवर थेट दिसतात, बारी पुन्हापुन्हा थांबवून पाहिली जाते. सेकंदाच्या शंभराव्या भागावरून वाद घालणाऱ्या शौकिनांनी त्याच चित्रीकरणात कुणाचा हात वर गेला हेही बघायला हवं, आणि तो आपल्याच गावच्या गाडामालकाचा असला तरी तसं सांगायला हवं.