साधू वाणी आणि तुका वाणी

सत्यनारायणाची पोथी अर्थशास्त्राचे पुस्तक म्हणून वाचण्याचा प्रघात नाही. पण तशी ती वाचली तर निराशा होणार नाही. पाच अध्यायांच्या या लहानशा कथेत परलोकाचा उल्लेख येतो तो अखेरीस, उपचारापुरता. बाकी सारा व्यवहार आहे. निर्धन ब्राह्मण धनवान होतो, मोळीविक्याला लाकडांची दुप्पट किंमत मिळते, निपुत्रिक व्यापाऱ्याला कन्या होते, बुडालेली नौका वर येते आणि गेलेले वैभव परत मिळते. बारामतीच्या औद्योगिक वसाहतीत नवी शेड उभी राहिली, नवे यंत्र बसले किंवा कारखान्याचा वर्धापनदिन आला की गीता नव्हे, ज्ञानेश्वरी नव्हे, नेमकी हीच पोथी का उघडली जाते, याचे उत्तर या यादीत आहे. ज्या देवाला बाजारभाव कळतो तोच कारखान्यात रमतो.

पोथ्यांची बारामतीला नवलाई नाही. श्रीधरांनी शिवलीलामृत पूर्ण केले ते याच गावी, शके १६४० मध्ये. मोरोपंतांनी एकशे आठ रामायणे रचण्याचा विक्रम केला तो येथेच, आणि १७९४ मध्ये देह ठेवला तोही येथेच. कऱ्हेच्या काठी शब्दांचे कारखाने चालत होते तेव्हा लोखंडाचे कारखाने स्वप्नातही नव्हते. नीरेच्या कालव्याने पाणी आणले, पाण्याने ऊस आणला, उसाने साखर कारखाने आणले आणि त्यांच्या मागोमाग औद्योगिक विकास महामंडळाच्या पाट्या आल्या. देव मात्र कोठेही गेला नाही. त्याने केवळ पत्ता बदलला.

इटलीतील पियाजिओ कंपनीच्या तीनचाकी गाड्या या वसाहतीत तयार होतात. त्या गाडीचे नाव ‘आपे’; इटालियन भाषेत त्याचा अर्थ मधमाशी. ही परदेशी मधमाशी विकत घेतल्यावर मालक प्रथम काय करतो? तिला हळदकुंकू लावतो, तिच्यापुढे नारळ फोडतो, चाकाखाली लिंबू चिरडतो आणि पुढे मिरच्यांसह आणखी एक लिंबू टांगतो. अभियंत्यांनी ब्रेक, दिवे, चाके यांची तपासणी केलेली असतेच. परंतु तिच्यावर लिंबाची मोहोर उठल्याखेरीज ती रस्त्यावर येत नाही. यात हसण्यासारखे बरेच असले तरी तुच्छता दाखवण्यासारखे काही नाही. कर्ज काढून पोटापाण्यासाठी गाडी घेणाऱ्या माणसाच्या दृष्टीने लिंबू हा सर्वात स्वस्त विमा आहे. प्रश्न निर्माण होतो तो लिंबू बांधून झाल्यावर ब्रेककडे पाहण्याचे राहून गेले तर.

कराराचा देव

आता पुन्हा पोथीकडे. कथेतला मुख्य नायक साधू नावाचा वाणी. मूल झाले तर पूजा करीन, असा तो बोल करतो. कन्या झाल्यावर तो म्हणतो, तिच्या लग्नात करू. लग्न होते, पूजा होत नाही. आजच्या भाषेत हे थकीत कर्ज होय. देव मग वसुलीस निघतो. पण वसुलीची रीत पाहण्यासारखी आहे. सासरा आणि जावई यांना न केलेल्या चोरीच्या आरोपाखाली तुरुंगात टाकण्यात येते. जावयाने तर कोणताच करार केलेला नव्हता. कोणत्याही न्यायालयात हे प्रकरण पहिल्या तारखेला निकालात निघाले असते. सुटकेनंतर परतीच्या वाटेवर संन्याशाच्या वेषातला देव विचारतो, नावेत काय आहे? वाणी हसून सांगतो, वेली आणि पाने. तत्क्षणी मालाची वेली आणि पाने होतात. मालाची खोटी नोंद करणाऱ्याला इतकी समर्पक शिक्षा अद्याप कोणत्याही करखात्याला सुचलेली नाही. कारखान्यात कथा वाचली जाते तेव्हा हा अध्याय लेखा विभागाने विशेष लक्ष देऊन ऐकावा.

थोडक्यात, साधू वाण्याचा देव हा करारपत्राचा देव आहे. त्याला माणूस कसा आहे याच्याशी फारसे कर्तव्य नाही. हप्ता आला की नाही, एवढेच तो पाहतो. या देवाला लोकप्रियता मिळावी यात आश्चर्य नाही. १९७५ मध्ये, ‘शोले’च्या वर्षी, तुटपुंज्या खर्चात काढलेल्या ‘जय संतोषी माँ’ या चित्रपटाने असाच चमत्कार केला. प्रेक्षक चित्रपटगृहात चपला काढून बसत आणि पडद्याला ओवाळत. सोळा शुक्रवार, आंबट वर्ज्य, नैवेद्याला गूळ आणि चणे, असे ते व्रत. गूळ आणि चणे कोणाच्याही खिशाला परवडतात. व्रताच्या प्रसाराचे निम्मे रहस्य या किमतीत आहे. सत्यनारायणाचे ‘सव्वा’ हे मापही तसेच सोयीचे. सव्वा वाटीने होते तेच सव्वा मणाने होते. मागणी पाहून आकार बदलणारी अशी वस्तू कोणत्याही उत्पादकाला हेवा वाटावा अशीच आहे.

इंद्रायणीत बुडालेला हिशेब

गंमत अशी की याच बारामतीवरून दर आषाढात दुसऱ्या एका वाण्याची पालखी जाते. देहूचा तुकाराम हाही व्यवसायाने वाणीच, आणि घरी सावकारीही होती. १६३०च्या दुष्काळाने त्याचे दिवाळे काढले. परंपरा सांगते की पुढे त्याने लोकांकडील येण्याची खते इंद्रायणीत बुडवली. तीही भावाच्या हिश्श्याला हात न लावता, केवळ आपल्या वाट्याची. साधू वाण्याने देवाचे देणे थकवले, तुका वाण्याने माणसांकडचे येणे सोडले. नवसाने मुले होतात या समजुतीची तर त्याने अशी टर उडवली की आज एखाद्याने तेवढे भर चौकात म्हटले असते तर त्याच्या भावना दुखावण्याच्या गुन्ह्याची चौकशी सुरू झाली असती. त्याची जिजाई तर विठोबाला घरच्या माणसासारखी फैलावर घेई. देवाशी भांडण्याचा हक्क या मातीत भक्तीचाच भाग मानला गेला आहे. प्रभातच्या १९३६च्या ‘संत तुकाराम’ने मुंबईत पन्नासहून अधिक आठवडे गर्दी खेचली, तीही असा माणूस आणि अशी बायको पडद्यावर दाखवून.

पालखी बारामतीचा मुक्काम हलवून काटेवाडीला येते. तेथे परीट समाज धोतरांच्या पायघड्या घालतो, मेंढ्यांचे रिंगण होते. पुढे बेलवाडीला आणि इंदापूरला अश्व धावतो. या सोहळ्यात कोणीही देवाकडे दुप्पट भावाची मागणी नोंदवत नाही. पण पालखी नजरेआड झाली की वसाहतीत पुन्हा साधू वाण्याचे राज्य सुरू होते. तुकोबांपुढे हात जोडायचे आणि व्यवहार साधू वाण्याशी करायचा, अशी ही वाटणी आहे.

अर्थात कारखान्यातल्या पूजेला केवळ हसून भागणार नाही. खंडेनवमीला यंत्र थांबते, पुसले जाते, त्याला तेल मिळते. वर्षात इतर दिवशी त्याच्या वाट्याला अशी निगा क्वचित येते. पूजेच्या दिवशी व्यवस्थापक आणि हेल्पर एकाच सतरंजीवर बसून एकच शिरा खातात. पूजेचा आग्रह बहुधा कामगारांचाच असतो आणि त्यामागे ही बरोबरीची भूक असते. विवेकवाद्यांनी ही गोष्ट ध्यानात घेतली नाही तर त्यांची टीका सतरंजीपर्यंत पोहोचणारच नाही.

पण सतरंजी गुंडाळल्यावर काय उरते? यंत्राच्या फिरत्या भागाभोवती कठडा हवा, हे १९४८च्या कारखाने अधिनियमाने सांगितले. वैज्ञानिक दृष्टी जोपासणे हे नागरिकाचे मूलभूत कर्तव्य आहे, असे १९७६च्या घटनादुरुस्तीने कलम ५१-क मध्ये लिहिले. कठड्याच्या जागी झेंडूची माळ आली की या दोन्ही वाक्यांचा अर्थ संपतो. माळेने बोट वाचत नाही. बोट गेल्यावर ‘जागेला दोष आहे’ असे म्हणून शांत करणे तर त्याहून सोयीचे. जागेवर खटला भरता येत नाही. जबाबदारी वरच्या मजल्यावरून थेट वैकुंठात पाठवण्याची ही युक्ती आहे. देवाला कारखान्याचा भागीदार करण्यास हरकत नाही. परंतु नफ्यात मालक आणि नुकसानीत देव, अशी भागीदारी कोणत्याही कायद्यात बसत नाही.

या प्रश्नाचे उत्तर शोधण्यास बाहेरच्या नास्तिकाची गरज नाही; ते पोथीच्याच पाचव्या अध्यायात आहे. तुंगध्वज राजा रानात गुराख्यांची पूजा पाहतो. ते त्याच्यापुढे प्रसाद ठेवतात. हलक्या माणसांचा म्हणून तो राजा घेत नाही, आणि त्याचे पुत्र, धन, वैभव नाहीसे होते. त्याला राजधानीत एखादा महायज्ञ करावा लागत नाही. तो रानात परत जातो, गुराख्यांमध्ये बसतो, त्यांच्यासह पूजा करतो आणि मग त्याचे वैभव परत येते. साऱ्या कथेत करार, हप्ता आणि दंड यांच्या पलीकडे जाणारी जागा हीच. ती येईपर्यंत दुपार कलते, भूक लागते, भटजी गती वाढवतात आणि श्रोते मोबाइल पाहू लागतात.

प्रसादाचा द्रोण फाटकावरच्या रखवालदारापर्यंत आणि ठेकेदाराच्या माणसापर्यंतही पोहोचतो, हे मान्य. दुसऱ्या दिवशी एकाच यंत्रावर एकच काम करणाऱ्या दोघांच्या हाती दोन निराळे पगार पडतात, आणि ठेकेदाराच्या माणसाला आपण उद्या कामावर असू की नाही, हे ठाऊक नसते. तुंगध्वजाला एक द्रोण नाकारल्याबद्दल राज्य गमवावे लागले. द्रोण देऊन बाकी सारे नाकारणाऱ्यासाठी पोथीत सहावा अध्याय नाही. तो लिहिण्याचे काम माणसांवर सोपवलेले दिसते.