डिझेल-टोल काढून उरते, ती कमाई नव्हे

नोकरी सोडून स्वतःची गाडी काढायला निघालेल्या ड्रायव्हरला कळंबोलीपासून नागपूरच्या वाडीपर्यंत जो भेटेल तो एकच गणित सांगतो: "भाड्यातून डिझेल आणि टोल काढ, राहील ते तुझं." हे गणित चूक आहे. त्यावर विसंबून कर्ज काढलेल्यांचे हप्ते थकतात, गाडी फायनान्सवाल्याच्या यार्डात जाऊन उभी राहते आणि तरीही पुढच्या माणसाला तेच तितक्याच खात्रीने सांगितले जाते. म्हणून एकदा ते कागदावर मांडूनच पाहू.

कळंबोलीहून लोखंड भरून नागपूरला जाणारी दहा टायरची गाडी घ्या. पुढचे दर उदाहरणापुरते आहेत. तुम्ही तुमचे घाला. जाऊन-येऊन १,६०० किलोमीटर. जाताना १८ टन माल, टनाला २,८०० रुपये, म्हणजे ५०,४००. परतीच्या मालाचे ३६,०००. एकूण भाडे ८६,४००. गाडीने लिटरला चारचे ॲव्हरेज दिले, तर ४०० लिटर डिझेल, नव्वदच्या भावाने ३६,०००. टोल ८,०००. बीएस-६ गाडीला लागणारा युरिया, म्हणजे डीईएफ, १,२००. हातात राहिले ४१,२००. महिन्याला चार खेपा झाल्या की १,६४,८००. इथेच माणूस भुलतो.

आता जे खर्च पंपावर किंवा टोलनाक्यावर दिसत नाहीत, ते बघा. दहा टायर, एकेक २२,००० चा, म्हणजे सव्वादोन लाखांच्या जवळ. ते ८०,००० किलोमीटर चालले, तर किलोमीटरला २ रुपये ७५ पैसे घासून जातात. आज टायर नवे आहेत म्हणून खर्च नाही, असे होत नाही. तो रोज होतो, फक्त बिल एकदम येते. महिन्याच्या ६,४०० किलोमीटरला हे झाले १७,६००. ऑइल, क्लच, ब्रेक, पाटे, ग्रीसिंग यांचे किलोमीटरला अडीच रुपये धरले, तर १६,०००. भत्ता, वराई, दलाली मिळून खेपेला पाच हजार, म्हणजे २०,०००. विमा, परमिट, टॅक्स, पासिंगचे महिन्याला १२,०००. हप्ता ७०,०००. आणि चालवणाऱ्याचा पगार २०,०००.

या शेवटच्या आकड्यावर हमखास वाद होतो. "मीच चालवतो, पगार कसला?" अहो, हेच काम दुसऱ्याच्या गाडीवर केले असते तर पगार मिळालाच असता ना? आणि आठवडाभर तापाने पडलात, तर बदली ड्रायव्हर फुकट येणार आहे का? तुमचे घर त्या पगारावर चालते. गाडीचा नफा त्यानंतर मोजायचा.

बेरीज १,५५,६००. राहिले ९,२००. किलोमीटरमागे खर्च साडेबावन्न रुपये, मिळकत ५४. महिन्यातली एक परती रिकामी आली, तर ३६,००० बुडतात. रिकाम्या गाडीला डिझेल कमी लागते, तरी महिना वीस हजारांच्या आसपास तोट्यात जातो. भाडे भरलेल्या किलोमीटरचे मिळते, खर्च मात्र प्रत्येक किलोमीटरला होतो.

बाकीचे गैरसमज थोडक्यात.

"दोन टन जास्त भरले की तूट निघते." तीन ॲक्सलच्या गाडीची एकूण वजनाची मर्यादा २०१८ मध्ये वाढवून २८.५ टन केली आहे. त्यावर गेलात, तर मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ प्रमाणे २०,००० रुपये दंड, शिवाय प्रत्येक जादा टनाला २,०००, आणि जादा माल उतरवण्याचा खर्च वेगळा.

"शोरूमवाल्याने सांगितलेले ॲव्हरेज धरा." टाकी फुल करा, माल भरून खेप करा, पुन्हा फुल करा, निघेल तोच आकडा खरा.

"थर्ड पार्टी विमा पुरे." २० ते ४० टनांच्या मालगाडीसाठी जून २०२२ पासून ठरलेला हा हप्ता वर्षाला ४३,९५० रुपये आहे आणि त्यात तुमच्या स्वतःच्या गाडीचे नुकसान धरलेले नाही.

"हप्ते फिटले की गाडी फुकट चालते." आठ वर्षांनंतर पासिंग दरवर्षी लागते आणि दुरुस्ती वाढते. हप्त्याएवढे पैसे बाजूला टाकले नाहीत, तर पुढची गाडी पुन्हा संपूर्ण कर्जावर येते.

"हिशेबाच्या वह्या नाहीत, म्हणजे कर नाही." दहापर्यंत मालगाड्या असणाऱ्यांसाठी आयकर कायद्यात अनुमानित उत्पन्नाची सोय आहे. १२ टनांवरच्या गाडीला एकूण वजनाच्या टनामागे महिन्याला १,००० रुपये उत्पन्न धरतात. वरच्या गाडीला वर्षाचे ३,४२,०००.

"ट्रान्सपोर्टवाला टीडीएस कापणारच." दहापर्यंत गाड्यांच्या मालकाने पॅन आणि घोषणापत्र दिले, तर कापत नाहीत.

गाडी बुक करण्याआधी तुमच्या मार्गावरचे आकडे घालून हा हिशेब मांडा. किलोमीटरचा खर्च पाठ असल्याशिवाय भाड्याला हो म्हणू नका. आणि परतीच्या मालाची सोय लागलेली नसेल, तर अजून गाडी घेऊ नका.