छापखाना कुणाचा, गुन्हेगार कोण?

खडकवासल्याच्या दक्षिणेला सिंहगडाची रांग. ती पूर्वेकडे जात पुरंदरला भिडते. पुरंदरच्या पायथ्याशी भिवडी गावात १७९१ साली उमाजी नाईक जन्मले. ३ फेब्रुवारी १८३२ रोजी पुण्यात त्यांना फाशी दिली गेली आणि पुढच्याच वर्षी त्यांचे चरित्र मुंबईत छापून बाहेर पडले. कंपनी सरकारने ज्या बंडखोर रामोशाला दरोडेखोर ठरवले, त्याच्या चरित्राची एवढी घाई कुणाला होती?

अठराव्या शतकात लंडनमध्ये अशी घाई हा रोजचा धंदाच होता. न्यूगेट तुरुंगाचा पाद्री फाशीच्या कैद्यांचे कबुलीजबाब लिहून घ्यायचा. ते छापून विकले जायचे आणि पाद्र्याच्या पदरात बरी वरकमाई पडायची. ब्लॅकफ्रायर्सचा मुद्रक जॉन ॲपलबी या व्यवहारात मुरलेला होता. पुन्हापुन्हा तुरुंग फोडून पळणाऱ्या जॅक शेपर्डला १६ नोव्हेंबर १७२४ रोजी टायबर्नला फाशी झाली, तेव्हा खुद्द त्यानेच सांगितलेली म्हणून त्याची जीवनकथा ॲपलबीने छापली. फाशी पाहायला जमणारी गर्दी हेच तिचे गिऱ्हाईक. चोर कुठल्या कुळातला, याच्याशी मुद्रकाला कर्तव्य नव्हते; माल खपला म्हणजे झाले.

त्याच शतकात पुण्याला गुन्ह्यांची वाण नव्हती आणि ऐकणाऱ्यांचीही नव्हती. नव्हता तो छापखाना. घाशीराम कोतवालाचेच पाहा. ऑगस्ट १७९१ मध्ये त्याच्या कोठडीत डांबलेले वीसहून अधिक तेलंगी ब्राह्मण गुदमरून मेले. शहर खवळले आणि घाशीरामला दगडांनी ठेचून मारण्यात आले. लंडनच्या एखाद्या मुद्रकाने आठवड्याच्या आत यावर चोपडे काढले असते. इथे ही हकिकत तोंडोतोंडी फिरत राहिली. जेम्स फोर्ब्स यांच्या आठवणींत ती १८१३ साली इंग्रजीत छापली गेली. मोरोबा कान्होबा यांचे ‘घाशीराम कोतवाल’ हे मराठी पुस्तक यायला मात्र १८६३ उजाडले. घटनेपासून मराठी छापील अक्षरापर्यंत बहात्तर वर्षे गेली.

उमाजींच्या बाबतीत एवढी वाट पाहावी लागली नाही, कारण तोवर मुंबईत अमेरिकन मिशनचा छापखाना चालू होता आणि लेखकही हाताशी होता. उमाजींच्या पाठलागावर असलेला कॅप्टन अलेक्झांडर मॅकिंटॉश हाच तो लेखक. ज्याने पकडायचे, त्यानेच चरित्र लिहायचे, असा हा प्रकार. पुस्तक इंग्रजीत, म्हणजे वाचणारे मुख्यतः साहेब अंमलदार. मॅकिंटॉशने माहिती कसून जमवली होती. रामोशांचे नाईक, त्यांचे हक्क, गडांची आणि गावांची रखवाली, पेशवाईनंतर त्यांची झालेली परवड हे सारे त्यात येते. आज उमाजींवर लिहिणाऱ्यालाही त्याच्याकडे गेल्यावाचून सुटका नाही.

पण मुखपृष्ठावरचे नाव जरा नीट वाचावे. ते आधी रामोशी जमातीच्या उगमाची आणि सद्यःस्थितीची हकिकत असल्याचे सांगते. नाईक उमाजींचे चरित्र त्यात ‘समाविष्ट’ आहे. ॲपलबीने एक चोर विकला. मॅकिंटॉशने एका माणसाच्या निमित्ताने अख्खी जमात कागदावर मांडली. माणसाला जातीच्या खतावणीत बसवून पाहण्याची ही नजर पुढे राज्यकारभारात मुरत गेली. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने जन्मावरूनच गुन्हेगारी ठरवण्याची सोय केली.

१८७९ साली वासुदेव बळवंत फडके यांचे बंड झाले आणि त्यात रामोशी पुन्हा पुढे होते. फडक्यांनी आपली हकिकत स्वतःच्या हाताने लिहिली होती. ती सरकारच्या हाती लागली आणि पुण्याच्या खटल्यात त्यांच्याविरुद्ध पुरावा म्हणून वापरली गेली. तिचे इंग्रजी भाषांतर १९५७ साली मुंबई सरकारने स्वातंत्र्यलढ्याच्या साधनग्रंथात छापले. एका सरकारचा पुरावा दुसऱ्या सरकारचा इतिहास झाला, मजकूर तोच राहिला.

उमाजी आज आद्य क्रांतिकारक म्हणून गौरवले जातात. रामोशी समाजाची नोंद मात्र महाराष्ट्राच्या यादीत अजूनही विमुक्त जातींमध्येच, म्हणजे एकेकाळी गुन्हेगार ठरवलेल्या जमातींमध्येच, आहे. तेव्हा जुन्या गुन्हेगाराचे चरित्र हाती आले, तर त्याचे गुन्हे मोजण्याआधी ते कुणी लिहिले, कुणी छापले आणि कुणासाठी, एवढे जरूर पाहावे.