भेद ओळखणे आणि भेद करणे

तंजावूरच्या राजवाड्याच्या आवारातील सरस्वती महाल ग्रंथालयात संस्कृत, तमिळ, तेलुगू आणि मराठी हस्तलिखितांच्या सान्निध्यात डॉ. सॅम्युएल जॉन्सन यांच्या इंग्रजी शब्दकोशाची १७८४ सालची प्रत जतन करून ठेविलेली आहे. १७९८ ते १८३२ या काळात गादीवर असलेले दुसरे सरफोजी राजे हे युरोपीय ग्रंथांचे मोठे साक्षेपी संग्राहक होते. त्यांच्याच आश्रयाने इसापच्या नीतिकथांचे मराठी भाषांतर 'बालबोध मुक्तावली' या नावाने १८०६ साली तंजावुरात छापून निघाले. तमिळ प्रदेशात मराठी दरबार, आणि त्या दरबारात इंग्रजी कोश! एका भाषेतील शब्दाला दुसऱ्या भाषेत नेमका कोणता शब्द द्यावा, हा प्रश्न अशा ठिकाणी नित्याचाच असणार.

'डिस्टिंग्विश' हे इंग्रजी क्रियापद या प्रश्नाचे उत्तम उदाहरण होय. त्याचे मूळ लॅटिनमध्ये आहे, आणि टोचून, खूण करून वेगळे काढणे ही त्यामागची मूळ कल्पना आहे. इंग्रजीत मात्र त्याला निरनिराळे अर्थ फुटले. धुक्यात दूरचे गोपूर दिसू लागले, तर ते 'नजरेस येणे' झाले. खरे नाणे खोट्यापासून वेगळे काढले, तर ते 'पारखणे' झाले. दोन समान वस्तूंतील वेगळेपण जाणले, तर तो 'फरक ओळखणे' झाला. आणि एखाद्याने रणात किंवा विद्येत इतरांहून वरचढ कामगिरी केली, तर मराठीत त्याने 'नाव काढले' असे म्हणतात. इंग्रजीत या चारही ठिकाणी एकच क्रियापद चालते. मराठीला चार लागतात.

तुर्की भाषेची स्थितीही मराठीसारखीच आहे. दोन गोष्टींतील वेगळेपण जाणणे म्हणजे 'आयर्त एत्मेक'. ध्यानात येणे म्हणजे 'फार्क एत्मेक'. दूरची वस्तू नजरेने टिपणे म्हणजे 'सेच्मेक'; याच क्रियापदाचा दुसरा अर्थ निवडणे असा आहे. नाव काढणे यासाठी 'सिव्रिल्मेक' हा शब्द आहे, आणि तो 'टोकदार' या अर्थाच्या विशेषणापासून झालेला आहे. टोक इतरांच्या वर येते, तसा तो मनुष्य वर आला, ही त्यामागची कल्पना.

यातील 'फार्क' मराठी कानाला परका वाटत नाही, यात नवल नाही. मूळ अरबी शब्द एकच. तो फारसीच्या वाटेने मराठीत येऊन 'फरक' झाला आणि तुर्कीत 'फार्क' झाला. 'काही फरक पडत नाही' या अर्थी तुर्क मनुष्य 'फार्क एत्मेझ' म्हणतो. नाणी पारखणारा 'सराफ'ही दोन्ही भाषांत आहे. शिवाजी महाराजांच्या आज्ञेने सिद्ध झालेल्या राज्यव्यवहारकोशात दरबारातील यावनी शब्दांना संस्कृत पर्याय दिले गेले; ते काम ज्यांच्याकडे होते ते रघुनाथपंत हणमंते पूर्वी एकोजी राजांच्या सेवेत होते. तुर्कस्तानातही १९३२ साली स्थापन झालेल्या भाषासंस्थेने अरबी-फारसी शब्द वगळण्याची मोठी मोहीम चालविली. तरीही 'फरक' आणि 'फार्क' दोन्हीकडे टिकून राहिले.

या शब्दांचे मोल केवळ कोशापुरते नाही. १९२६ साली तुर्कस्तानने स्वित्झर्लंडच्या धर्तीवर दिवाणी कायदा स्वीकारला. त्यात, मनुष्याला आपल्या कृत्याचा अर्थ आणि परिणाम कळतो किंवा नाही, हे ठरविण्यासाठी 'तेम्यिझ कुद्रेती' असा शब्दप्रयोग होता. 'तेम्यिझ' म्हणजे हिंदी-उर्दूतील 'तमीज'. तिकडे त्याचा अर्थ रीतभात असा झाला, पण मूळ अर्थ वेगळे ओळखण्याची शक्ती हाच. २००२ साली अमलात आलेल्या नव्या कायद्यात त्याच जागी 'आयर्त एत्मे' हा शब्दसमूह आला. अजाण बालकाने किंवा भ्रमिष्टाने केलेला करार त्याला बांधतो का, याचा निवाडा तेथे या शक्तीवर अवलंबून असतो. ती नसेल तर कागदावरील सहीला सामान्यतः अर्थ उरत नाही. मराठीत 'सज्ञान' म्हटले की वय पूर्ण झाल्याचा बोध होतो; म्हणून या ठिकाणी तो शब्द घातला तर वय मोजले जाईल आणि समज मोजायची राहून जाईल. तेथे 'सारासार समज' किंवा 'विवेकशक्ती' असेच म्हणावे लागेल. 'विवेक' या शब्दाच्या मुळाशीही वेगळे काढण्याचीच कल्पना आहे.

याहून नाजूक जागा आणखी एक आहे. भेद ओळखणे वेगळे आणि भेद करणे वेगळे. वैद्य दोन नेत्ररोगांतील भेद ओळखतो, म्हणून औषध लागू पडते. सरफोजी राजांच्या काळच्या नेत्ररुग्णांच्या नोंदी डोळ्यांच्या चित्रांसह या ग्रंथालयात आहेत. त्या अशाच बारकाईच्या साक्षी आहेत. पण त्याच वैद्याने जात किंवा धर्म पाहून एकाला औषध दिले आणि दुसऱ्याला नाकारले, तर तो भेदभाव होय. भारतीय संविधानाच्या पंधराव्या अनुच्छेदाने राज्याला मनाई केली आहे ती या दुसऱ्या गोष्टीची. तुर्कीतही ओळखण्याला 'आयर्त एत्मेक' आणि भेदभावाला 'आयरमजलक' असे शब्द आहेत. दोहोंचे धातुमूळ एकच, पण घडण निराळी. इंग्रजीत 'डिस्क्रिमिनेट' हे एकच क्रियापद दोन्ही अर्थांनी वापरले जाते, आणि पुढे येणाऱ्या अव्ययावरून अर्थ ठरतो. भाषांतरकाराचे लक्ष तेथे चुकले, तर डोळस पारख्याच्या माथी पक्षपाताचा दोष येतो किंवा पक्षपाताला पारखीचे नाव मिळते.

म्हणून अशा शब्दापाशी कोशातील पहिला पर्याय उचलून पुढे जाऊ नये. येथे नुसते दिसले की पारखले, पारखून कोणाला उचित ते दिले की पारखण्याच्या मिषाने कोणाला दूर सारले, हे आधी पाहावे. धान्य निवडणारी गृहिणी खडा बाजूला टाकते, कारण तो दाणा नाही. लहान दाणा मात्र ती लहान म्हणून फेकीत नाही. शब्दही असेच निवडावयाचे असतात.