प्रायमर अडला तर जोर नको

कोल्हापूर जिल्ह्यातील कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने 2024 साली पॅरिस ऑलिंपिकमध्ये 50 मीटर रायफल थ्री पोझिशन्स प्रकारात कांस्यपदक पटकावले. या प्रकारातील ‘पॉइंट टू-टू’ काडतुसाचे ज्वालाग्राही मिश्रण बुडाच्या कडेतच असते. त्यामुळे ते पुन्हा भरले जात नाही. मोठ्या रायफलींच्या काडतुसात मात्र बुडाच्या मधोमध प्रायमर, म्हणजे आघाताने पेट घेणारी छोटी टोपी असते. रिकाम्या पुंगळीत नवा प्रायमर हातयंत्राने दाबून बसविता येतो.

प्रायमर बुडाच्या पातळीपेक्षा किंचित आत बसावा लागतो. तो वर राहिल्यास फायरिंग पिनचा आघात त्याला आत ढकलण्यातच खर्ची पडतो आणि बार फुसका ठरतो.

यंत्र अडण्याची कारणे सहसा तीन असतात : खाचेत साचलेली काजळी, लष्करी पुंगळीच्या खाचेची आत दाबलेली कड किंवा मापाशी न जुळणारा पुंगळीधारक. काजळी खरवडावी, कड काढावी, धारक बदलावा. जोर लावल्यास प्रायमर हातातच पेटू शकतो. म्हणून डोळ्यांवर संरक्षक चष्मा हवाच. दारू भरलेल्या काडतुसातील वर राहिलेला प्रायमर पुन्हा दाबणे तर सर्वांत धोक्याचे.

भारतात 1959च्या शस्त्र कायद्यानुसार परवान्याविना काडतुसे बनविणे हा गुन्हा आहे.